काटकसर ताटातूनच का?

"पौष्टिक खायचं म्हटलं की पैसा लागतो." हे वाक्य नगर शहरात सावेडीच्या फ्लॅटमध्ये ऐकू येतं आणि पाथर्डीच्या वस्तीवरही. दोन्हीकडे सारख्याच खात्रीने. पाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं: "आपल्याला कुठलं परवडायला? आहे त्यात भागवायचं." आणि मग भागवणं सुरू होतं. महिन्याची यादी लिहिताना एक लिटर दूध अर्ध्यावर येतं. फळं यादीतून जातात. तूरडाळ दोन किलोची एक किलो होते आणि आमटीत पाणी वाढतं. पालेभाजी "निवडत कोण बसणार" म्हणून सुटते. चहा, साखर, बिस्किटं, पोरांच्या डब्यातले पुडे आणि पाहुण्यांसाठीचं फरसाण मात्र शाबूत राहतं. या सगळ्याला घरात काटकसर म्हणतात आणि ती करणाऱ्या बाईला संसारी म्हणून नावाजतात.

ही समजूत नुसती चुकीची असती तर सोडून देता आली असती. ती घातक आहे. ज्याच्याकडे चार पैसे आहेत त्याला ती पाकिटांच्या दुकानात नेते आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला हात टेकायला सांगते. दोघांच्याही घरात पोरं अशक्तच राहतात.

आधी या समजुतीचं म्हणणं नीट मांडते. पौष्टिक आहार म्हणजे ओट्स, बदाम, अक्रोड, सफरचंद, ब्रोकोली, ऑलिव्हचं तेल आणि मुलांच्या दुधात घालायची डब्यातली पावडर. हे सगळं आणायचं तर पगार पुरायचा नाही. स्वस्त खायचं तर रेशनचा गहू-तांदूळ, बटाटा, साखर आणि पामतेल. मधलं काही नाही. जुनं खाणं चांगलं होतं हे मान्य, पण भाकरी थापायला आता वेळ कुणाकडे आहे? शिवाय ज्वारी गव्हाहून महाग झाली. थोडक्यात आरोग्य धरलं की बचत सुटते आणि बचत धरली की आरोग्य.

पौष्टिक पदार्थांची ही यादी कुणी केली? नगरच्या कुठल्या आजीने केली, की राहुरीच्या कृषी विद्यापीठाने? कुणीच नाही. ती जाहिरातींनी केली आणि आपण ती पाठ केली. आपल्या जिल्ह्याचं रान वेगळं सांगतं. पारनेर-संगमनेरच्या हलक्या जमिनीत बाजरी पिकते, जामखेड-कर्जत-श्रीगोंद्याच्या काळ्या रानात रब्बी ज्वारी, अकोले तालुक्याच्या डोंगरउतारावर नागली आणि वरई, आणि जिरायतीत जिथे दुसरं काही तग धरत नाही तिथे हुलगा आणि मटकी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. ते उघडून बघा. शंभर ग्रॅम हुलग्यात २१ ग्रॅमहून जास्त प्रथिनं आणि ८ मिलिग्रॅमहून जास्त लोह आहे. बाजरीत लोह ६ मिलिग्रॅमच्या पुढे, तर सडीक पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नाही. नागलीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम आहे. गाईच्या शंभर ग्रॅम दुधात ते एकशेवीसच्या आसपास असतं. ज्या पेरूसाठी राहाता तालुका ओळखला जातो, त्या पेरूत सफरचंदाच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं. आणि आजारी माणसाला बघायला जाताना आपण पिशवीत काय घालतो? स्टिकर लावलेली सफरचंदं.

ओट्स वाईट अन्न नाही. पण बाजरी पिकवणाऱ्या गावातलं पोरगं ओट्सवाचून अशक्त राहिलंय, असं कुणी सांगू लागलं तर मी ते ऐकून घेणार नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने २०१२ मध्ये 'धनशक्ती' हा बाजरीचा वाण महाराष्ट्रासाठी दिला, खास लोह वाढवलेला. पुढे तो देशभरासाठी प्रसारित झाला. रक्तपांढरीवरचं हे काम आपल्याच जिल्ह्याच्या विद्यापीठाच्या सहभागाने आपल्याच धान्यात झालेलं आहे. त्या वाणाचं नाव शेतकऱ्याला बियाण्याच्या पिशवीवर दिसतं. दळणाला धान्य घेणाऱ्या किती घरांना ते ठाऊक आहे?

इथे एक हुशार आक्षेप येतो: बाजरीतलं लोह अंगाला लागत नाही, म्हणून तक्त्यातल्या आकड्यांना अर्थ नाही. आक्षेपात तथ्य आहे, निष्कर्षात नाही. धान्य-कडधान्यातल्या फायटेटमुळे लोह कमी शोषलं जातं, हे खरं. पण मटकीला मोड आणले की फायटेट घटतं. आमटीवर लिंबू पिळलं, भाकरीबरोबर कच्चा कांदा-मिरची घेतली, जेवणानंतर पेरूची फोड खाल्ली की क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. उलट जेवल्याबरोबर चहा घेतला की तेच लोह अडतं. मोड आणायला किती पैसे पडतात? जेवणावरचा चहा दोन तास पुढे ढकलायला किती? रक्त वाढवण्याचा हा उपाय फुकट आहे, आणि आपण औषधाच्या दुकानात टॉनिकची बाटली शोधत उभे असतो.

आता हिशेबाकडे येऊ, कारण समोरच्या बाजूचा सगळा भर 'परवडत नाही' या शब्दांवर आहे. वेफर्सचा दहा रुपयांचा पुडा उलटा करा आणि वजन वाचा. त्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास माल असतो. म्हणजे किलोला चारशे रुपये. याच पैशांत शेंगदाणे दोन किलोंहून जास्त येतात. दहा-दहा रुपयांचे पुडे रोज दोन मुलांच्या दप्तरात गेले तर महिन्याला सहाशे रुपये होतात. ते कधीच यादीत लिहिले जात नाहीत, म्हणून यादी कापताना दिसतही नाहीत. यादी कापणारी हीच बाई नगरच्या चितळे रोडवर मेथीच्या जुडीला दोन रुपये कमी करून मागते. भाजीवालीशी घासाघीस करणारे आपण पुड्यावरच्या छापील किमतीपुढे निमूट होतो. भाव कुणाचा पाडायचा आणि कुणाचा मान्य करायचा, हे आपल्याला कुणी शिकवलं?

बिस्किटाचं तर आणखी वाईट आहे. रेशनवर गहू फुकट मिळतो. तो गिरणीत दळून कोंड्यासकट खाल्ला तर उत्तम अन्न आहे, त्याला नावं ठेवण्याचं काही कारण नाही. पण घरात चपातीचा कंटाळा येतो आणि तोच गहू मैदा होऊन, त्यात साखर आणि पामतेल मिसळून, किलोला शंभर रुपयांच्या पुढच्या भावाने आपण परत विकत घेतो. सकाळी चहात बुडवून पोराला देतो आणि त्याला नाश्ता म्हणतो. दूध न परवडणाऱ्या घरात पावडरीचा डबा असतो, हेही मी पाहते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका असं सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही. मग डब्याऐवजी त्याच पैशांचं दूध का घेऊ नये? अंडी का घेऊ नयेत?

हे एकट्यादुकट्या घराचं असतं तर बोलण्यात अर्थ नव्हता. केंद्र सरकारच्या घरगुती खर्चाच्या २०२२-२३ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या कुटुंबाच्या एकूण मासिक खर्चापैकी ९.६२ टक्के पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर गेले. भाजीपाल्यावर ५.३८ टक्के. दुधावरही तयार पदार्थांपेक्षा कमी, ८.३३ टक्के. शहरात तर तयार आणि पाकिटबंद खाण्यावरचा वाटा १०.६४ टक्के होता. यात बाहेरचा चहा आणि हॉटेलचं जेवणही धरलंय हे मान्य. तरीही भाजी परवडत नाही म्हणणाऱ्या देशात भाजीच्या पावणेदोन पट पैसा तिकडे जातो. तो पैसा कुठून आला? आपल्याच ताटातून उचलला गेला.

आपल्या जिल्ह्याला साखर आणि दूध या दोन गोष्टींबद्दल वेगळं बोलावं लागेल. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याने या भागाचं अर्थकारण बदललं. त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण सभासदाला सवलतीच्या दरात मिळणारी साखर घरात आली की ती बचत धरली जाते, हा हिशेब मला पटत नाही. स्वस्त मिळालेली गोष्ट जास्त खाल्ली जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात साखरेची मर्यादा माणशी दिवसाला २० ते २५ ग्रॅम दिली आहे. चौघांच्या घराला ती महिन्याला अडीच ते तीन किलो होते, आणि त्यात बिस्किटातली, सरबतातली, गोळ्या-चॉकलेटातली साखरही आली. तेलाची मर्यादा २७ ग्रॅम, म्हणजे चौघांना महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास. पंधरा किलोचा डबा स्वस्त पडतो म्हणून घरात आणायचा आणि मग तो दीड-दोन महिन्यांत संपवायचा, यात बचत कुठे झाली? साखर आणि तेल मर्यादेत आणलं तर वाचलेल्या पैशांत डाळ पूर्ण येते. इथे आरोग्य आणि बचत एकाच बाजूला उभी आहेत. जे दोघांचं भांडण लावतात त्यांनी हे दोन जिन्नस कधी मोजलेच नाहीत.

दुधाचं दुःख वेगळं. राज्यातल्या आघाडीच्या दूध उत्पादक जिल्ह्यांत आपलं नाव आहे. पहाटे गाई पिळून कॅन डेअरीवर जातो आणि त्याच घरातलं पोरगं चमचाभर दूध घातलेल्या चहाबरोबर टोस्ट खातं. दुधाला भाव मिळत नाही म्हणून शेतकऱ्याने आंदोलन करावं, ते रास्त आहे. पण भाव पडला म्हणून आणखी अर्धा लिटर डेअरीला घालायचं आणि पोराच्या पेल्यातून काढायचं, हे कुठल्या हिशेबात बसतं? त्या अर्ध्या लिटरचे जे पैसे हातात येतात, ते टोस्टच्या पुड्यात आणि चहाच्या साखरेत परत जातात.

ज्वारीचा मुद्दा मात्र टाळता येणार नाही. मालदांडी ज्वारी गेल्या काही वर्षांत गव्हाच्या वर गेली, हे बाजारात जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण त्यावरून भाकरीच सोडायची? बाजरी आहे. आठवड्यातून चार दिवस चपाती आणि तीन दिवस भाकरी करता येते. आणि ताकद काही एकट्या धान्यात नाही. ती कोरड्यासात आहे. हुलग्याचे शेंगोळे, मटकीची उसळ, शेंगदाण्याच्या कुटाची आमटी, तांदुळजा, घोळ, पाथरी, हिवाळ्यात हरभऱ्याची कोवळी भाजी आणि करडईची भाजी, उन्हाळ्यात शेवगा. दाळमंडईतून अख्खं कडधान्य घेतलं तर ते मांसापेक्षा कितीतरी स्वस्तात प्रथिनं देतं. आठवडे बाजारात हंगामाची भाजी घ्यायची, फ्लॉवर महाग असेल त्या आठवड्यात फ्लॉवरला हात लावायचा नाही. रानातली पाथरी आणि घोळ तर कित्येक गावांत आजही विकत घ्यावी लागत नाही. लाज वाटते म्हणून ती आणली जात नाही. गरिबाची भाजी म्हणून तिला टाकलं, आणि आता तीच शहरातल्या दुकानात 'रानभाजी महोत्सव' म्हणून चढ्या भावाने विकली जाते.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हे फार आधी ओळखलं. नातवंडाचं आजारपण पाहून त्या देशी बियाण्यांकडे वळल्या, घेवड्या-वालाचे वाण जपले, गावोगावच्या बायकांना परसबाग करायला लावली. त्यांना पद्मश्री जाहीर झाली ती २०२० साली. त्यांचा सत्कार सगळ्यांनी केला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दाराशी वालाचा एक वेल किती जणांनी चढवला? पाण्याला जागा असेल तिथे परसबाग करणं हे किराणा वाचवण्याचं आणि ताट भरण्याचं एकाच वेळी होणारं काम आहे. सांडपाण्यावर शेवगा, कढीपत्ता, अळू येतं. त्याला कुठल्या पगाराची वाट पाहावी लागत नाही.

राहिला वेळेचा आक्षेप. तो सगळ्यात वजनदार आहे, कारण तो खरा आहे. भाकरी थापायला, पालेभाजी निवडायला, कडधान्य भिजवायला वेळ लागतो. बाजरीचं पीठ चार-आठ दिवसांत कडवट होतं, म्हणून दळण थोडं-थोडं आणि वारंवार लागतं. नागापूरच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारी, कांद्याच्या खळ्यावर दिवसभर वाकणारी, शाळेत शिकवून घरी येणारी बाई हे सगळं कसं करणार?

पण 'वेळ नाही' हे वाक्य पूर्ण करा. कुणाला वेळ नाही? घरात नवरा आहे, दीर आहे, कॉलेजला जाणारा पोरगा आहे. सासरे ओट्यावर बसून पेपर वाचतात. मेथीची जुडी निवडायला यांतल्या कुणाचे हात चालत नाहीत? गिरणीवर दळण घेऊन जायला बाईच लागते असा नियम कुठे लिहिलाय? पोरीला बाराव्या वर्षी भाकरी यावी लागते आणि पोराला पंचविसाव्या वर्षीही येत नाही, हे आपण मुकाट मान्य केलंय. पौष्टिक जेवणाची खरी किंमत बाजारातल्या भावात नाही, बाईच्या कामाच्या तासांत आहे, आणि ती वाटून घ्यायला घर तयार नाही म्हणून सगळा आळ भाकरीवर येतो. कामं वाटली की वेळ निघतो. जिथे खरोखर कुणीच मोकळं नाही, तिथे पोळी-भाकरी केंद्रातून भाकरी विकत घ्यावी. त्या पैशांतून दुसऱ्या एका बाईच्या हाताला काम मिळतं आणि ताटात पुड्याऐवजी अन्न येतं.

आणि याच बाईच्या ताटाबद्दल सगळ्यांत जास्त राग येतो. काटकसर ताटातून करायची ठरली की ती शेवटी बसणाऱ्याच्या ताटातून होते. शेवटी कोण बसतं? भाजी सगळ्यांना पुरली पाहिजे म्हणून तिने चटणी घेतली. अंडी तीन होती, माणसं चार. दूध पोरांना, तिला बिनदुधाचा चहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. पुरुषांचं प्रमाण याच्या निम्म्याहूनही कमी होतं. पाळी आणि बाळंतपण ही कारणं आहेतच. पण ज्या शरीराला लोह जास्त लागतं त्यालाच शेवटी आणि कमी वाढायचं, हे निसर्गाने ठरवलेलं नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये तर रक्तक्षयाचं प्रमाण ६८.९ टक्के निघालं. दहातली जवळजवळ सात मुलं. रक्त नसलेल्या आईच्या पोटी जन्मलेलं मूल अशक्त निघालं की आपण नशिबाला बोल लावतो. मग दवाखान्यात जे बिल भरतो ते किराण्याच्या वहीत का लिहीत नाही? तिच्या ताटातून वाचवलेले पैसे तिथेच जातात.

एका ठिकाणी मी समोरच्या बाजूचं म्हणणं मान्य करते, आणि तेवढ्याच ठिकाणी. पाथर्डी, जामखेड, शेवगावहून दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघणाऱ्या ऊसतोड जोडप्याला, बिनजमिनीच्या मजुराला, मी यादी नीट लिहा असं सांगणार नाही. पाचटाच्या कोपीत तीन दगडांच्या चुलीवर पहाटे तीनला काय शिजवायचं, याचं व्याख्यान त्यांना द्यायचा कुणालाच हक्क नाही. तिथे मजुरी वाढली पाहिजे आणि रेशन बदललं पाहिजे. जानेवारी २०२३ पासून माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, पण धान्यच. डाळ त्यात नाही. २०२२ च्या दिवाळीत राज्याने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात रवा, साखर, हरभराडाळ आणि पामतेल होतं. सणाला गोडधोड व्हावं हे मान्य, पण बाराही महिने डाळ का मिळू नये? शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा निधी थांबवला. लोकवर्गणीतून जमवा म्हणून सांगितलं. अंड्याला सरकारजवळ पैसे नाहीत, हे मी मान्य करायचं? अकोले तालुक्यासारख्या आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी-केळी देता येतात, तर पाथर्डीच्या पोराने काय घोडं मारलंय?

पण ऊसतोड मजुराची अडचण पुढे करून सावेडीतल्या आणि संगमनेरच्या पगारदार घरांनी आपली यादी झाकू नये. तुम्हाला परवडतं. तुम्ही पैसे देतच आहात, फक्त चुकीच्या जिन्नसाला. या महिन्याची यादी लिहायला बसाल तेव्हा पेन आधी पुड्यांवर, साखरेवर, तेलाच्या डब्यावर, पावडरीवर फिरवा. दूध, डाळ, अंडी, शेंगदाणे, पालेभाजी यांच्याजवळ त्याला येऊ देऊ नका. दप्तरातले दहा-दहा रुपये त्याच यादीत लिहा. आणि त्यातलं शिजवून झाल्यावर शिजवणारीला सगळ्यांबरोबर पंगतीला बसवा, पहिल्या वाढणीला.